अंबाड्यातला गुलाब
सकाळी खोवलेला गुलाब संध्याकाळी आईच्या अंबाड्यातून काढला की त्याला खारट वास येतो, आणि मला ठाण्यातल्या हॉलमधलं माझं पहिलं प्रदर्शन आठवतं. मी घरीच अत्तरं बनवते. कोपरीच्या खोलीत वर्षभर खटपट करून मी एक गुलाब केलेला, पण गुलकंदासारखा गोड नाही. त्यात मीठ होतं, खाडीचा ओला चिखल होता आणि अगदी शेवटी सुकटीची पुसट चाहूल. आई मासे विकते. माझ्या शाळेत यायची तेव्हा हातांना लिंबू चोळचोळून यायची. त्या दिवशी मात्र बाजारातून थेट आली आणि आपला वास येईल म्हणून दाराशीच थांबली. तेवढ्यात डोंबिवलीच्या एका बाईंनी अत्तराची पट्टी हुंगून नाक मुरडलं. "गुलाब छान आहे हो, पण मागून काहीतरी खारट येतंय. खराब झालंय का?" मी तोंड उघडायच्या आत आई तरातरा पुढे आली, पट्टी हुंगली आणि म्हणाली, "खराब नाय बाय, यो माझे आंबाड्यातला गुलाब हाय." आणि अख्ख्या हॉलसमोर तिने मान वाकवली. बाईंनी अंबाडा हुंगला, मग पट्टी, मग पुन्हा अंबाडा. "अगं बाई, अगदी तोच!" त्यानंतर आई माझ्या टेबलामागून हललीच नाही, लिंबूही सुटलं ते कायमचं. आजही नवं अत्तर जमलं की पहिली पट्टी तिच्याच नाकाशी जाते. माशाचे कल्ले उघडून बघावेत तशी ती हुंगते, आणि पसंत पडलं तर एवढंच म्हणते, "ताजा हाय."