मिटलेले डोळे

जिथे गप्प बसायचं तिथे मी नेमकं कौतुक करतो. रामदासपेठेतल्या आमच्या ऑफिसच्या खिडक्यांसाठी ॲल्युमिनियमच्या पट्ट्या आणायला हिंगणा रोडवरच्या एका कारखान्यात गेलो होतो. सोऱ्यातून शेव पडावी तशी तापलेल्या धातूची लांबच लांब पट्टी साच्यातून बाहेर येत होती. पुढे मशीनवर तिला खाचा पाडल्या, की एक वयस्कर कारागीर डोळे मिटून कडेवरून बोट फिरवायचा. केसाएवढी धार उरली असली तरी याच्या बोटाला कळते, असं फोरमननं अभिमानानं सांगितलं.

तेवढ्यात मला त्या बोटातून रक्त ओघळताना दिसलं. मी मोठ्यानं म्हणालो, “काय माणूस आहे हो! बोट कापलं तरी पत्ता नाही!”

फोरमननं पट्टी हातात घेतली, कडेवरून स्वतःचं बोट फिरवलं आणि झटक्यात मागे घेतलं. कारागीर खाली बघत राहिला.

पुढच्या खेपेला तो कारागीर तपासणीच्या जागी नव्हता; फाटकाजवळ पट्ट्यांना कागद गुंडाळत बसलेला दिसला. मी चाचरत माफी मागितली.

“तुमी काहून माफी मागता जी?” तो म्हणाला. “भट्टीवरचा गरम माल धरू धरू बोटं कधीचीच मेली. दोन वर्षं मी नुसते डोये मिटून राहिलो होतो.”

घरी हे सगळं सांगितलं. बायको म्हणाली, “अहो, रक्त दिसलं तर माणूस आधी फडकं देते, मग बोलते.”