धरणावरचा शड्डू

नाव सांगत नाही. सांगितलं तर अख्खा बुलढाणा जिल्हा म्हणेल, हा तर आपला! नामांकित पहिलवान. गुडघा निकामी झाला, कुस्ती सुटली आणि माणूस दिसेनासाच झाला. मग एके दिवशी मेहकरजवळच्या धरणावर, शिडांच्या होड्यांच्या शर्यतीत, स्पर्धक म्हणून हजर! सारी पंचक्रोशी काठावर लोटली. मी सगळ्यांच्या पुढे, अर्थातच.

"आता याचं काय राह्यलं बे?" शेजारचा कुजबुजला.

लाइफ जॅकेटचा पट्टा पहिलवानांच्या छातीवर जेमतेम पोचला. होडीत बसताना आखाड्यातली माती लावावी तसं त्यांनी पाणी कपाळाला लावलं. शिकवणाऱ्या किडकिडीत बाई बजावत होत्या, "पहिलवान, काही झालं तरी उभं राहायचं नाही!"

शिट्टी वाजली. शिट्टी ऐकून पहिलवान बसून कसा राहील? गुडघा विसरून ताडकन उठले, मांडीवर दणदणीत शड्डू ठोकला आणि होडीसकट उताणे पाण्यात!

काठ चिडीचूप. यांना हसायची कुणाची छाती? मी रुमाल तोंडात कोंबला. पाण्यातून आधी मिशा वर आल्या, मग ते.

"काऊन बे, गप झाले सारे? हसा ना! पाठीले माती लागली का? मंग हरलो कसा?"

असा हशा पिकला की बगळे उडाले.

"पहिलवान, बाहेर या आता," बाई काकुळतीला आल्या.

त्यांनी उलटलेली होडी सरळ केली, वर चढले आणि पाय पसरून गुमान बसले.

"बाहेर काऊन? वस्ताद, दोरी कशी धरू ते सांगा मले."

बाकीच्या होड्या पार पुढे गेल्या होत्या. यांची डगमगत निघाली, आणि काठावरून एक माणूस हलला नाही.