आवाजाची रेघ

माझे थोरले दीर टीव्ही-रेडिओ दुरुस्त करतात. तीस वर्षं लोकांच्या यंत्रांना आवाज आणून देतायत, घरात मात्र दिवसाकाठी चार शब्द. जाऊबाई म्हणायच्या, "यांना घरात रेंजच येत नाही."

आम्ही सातजणी रोज सकाळी आपापल्या घरून फोनवर एकत्र प्रार्थना म्हणतो. पहिली ओळ जाऊबाईंची, मग बाकीच्यांची. नंतर घरगुती गप्पा. त्या गप्पा कुठल्याशा कंपनीच्या यंत्रातून जातात हे जाऊबाईंना कळलं, तेव्हा म्हणाल्या, "अहो, माझ्या सुनेची गाऱ्हाणी परक्याच्या कपाटात कशाला? आपलं काहीतरी करा."

भावजींनी पंधरा दिवस एकत्र बोलायची तीन सॉफ्टवेअर चालवून पाहिली. पहिलं आमच्यातल्या शिवणवालीच्या जुन्या फोनवर चालेना. दुसरं छान, पण सगळं बोलणं साठवून ठेवायचं. तिसरं त्यांच्या कामाच्या टेबलाखालच्या जुन्या कॉम्प्युटरवर चालायचं आणि काहीच साठवायचं नाही.

त्याच आठवड्यात जाऊबाईंच्या घशातल्या गाठीचा रिपोर्ट आला. ऑपरेशननंतर आवाज राहणार नाही, असं डॉक्टर म्हणाले.

मी म्हटलं, "भावजी, दुसरंच घ्या. निदान यांचा आवाज तरी राहील."

भावजींनी जाऊबाईंकडे पाहिलं.

"म्हटलं ते देवाला पोचलं," त्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. "त्याची शिळी प्रत कशाला? तिसरं घ्या."

माझ्या रोजनिशीच्या वहीत त्या दिवशी एकच ओळ आहे: तिसरं घेतलं.

त्या सॉफ्टवेअरमध्ये आवाजाची एक रेघ असते. तिच्या वर जाईल तेवढाच आवाज पलीकडे पोचतो आणि बोलणारीचं नाव हिरवं होतं. पंख्याची घरघर, कपबशांची खुडबुड नको म्हणून भावजींनी ती सगळ्यांच्या फोनवर उंच ठेवली होती.

ऑपरेशननंतर आज जाऊबाई पहिल्यांदा प्रार्थनेला बसल्या. मी माझा फोन घेऊन त्यांच्या शेजारी होते. सगळ्या आल्या, पण सुरुवात होईना.

"करा गं कुणीतरी सुरू," शिवणवाली म्हणाली.

"तूच कर," दुसरी म्हणाली.

"मी नाही बाई. ती ओळ त्यांची."

जाऊबाईंनी चमचा कपावर वाजवला. टक, टक. फोनवर त्यांचं नाव हिरवं झालं नाही. कुणाला ऐकूच गेलं नाही. त्यांनी पुन्हा वाजवला. मला सांगता आलं असतं की त्या वाजवतायत.

भावजी दुरुस्तीला उघडलेला टीव्ही सोडून उठले. हात पुसले, जाऊबाईंचा फोन घेतला आणि रेघ पार तळाला ओढली. मग चमच्याकडे बोट केलं.

टक.

नाव हिरवं झालं.

"आल्या," शिवणवाली म्हणाली, आणि पहिली ओळ आम्ही सहाजणींनी म्हटली.

आता नाव हिरवंच राहत होतं. त्यांचा पंखा सगळ्यांच्या कानात घरघरत होता. बंद करा असं कुणी म्हटलं नाही. भावजी परत उघड्या टीव्हीपाशी जाऊन बसले. मला वाटलं होतं रडू येईल. आलं नाही. चहा गार झाला होता, तोच प्यायले.