आमच्या सर्व्हरवरची माणसं

होस्टिंगच्या ऑफिसात नोकरी लागली तेव्हा मला वाटलं होतं, आता जन्मभर यंत्रांशी गाठ. प्रत्यक्षात यंत्र एकही दिसलं नाही, माणसंच भेटत गेली. रोज कुणीतरी फोनवर असं काही बोलून जातं की घरी जाऊन सांगितल्याशिवाय राहवत नाही. आता तर मी दारात चप्पल काढायच्या आधीच सासूबाई विचारतात, "आज काय झालं गं?"

लातूरला कोचिंग क्लासेसच्या गल्लीत, एका झेरॉक्सच्या दुकानावर आमचं ऑफिस आहे. माणसं तीन. बिराजदार सर मालक, किल्लारीकडचे. सलीमभाई नांदेडचे, सर्व्हरचं सगळं तेच बघतात. आणि फोन उचलणारी मी. लोकांना वेबसाइट ठेवायला सर्व्हरवर जागा भाड्यानं द्यायची, हा आमचा धंदा. खरी मशिनं मुंबईत आहेत. आमच्याकडं नुसते कॉम्प्युटर आणि चहाचा थर्मास.

*

अर्धापूरचे माधवराव केळीचे व्यापारी. त्यांची साइट स्वस्तातल्या होस्टिंगवर होती आणि सारखी अडकायची. सलीमभाईंनी त्यांना व्हीपीएस घ्यायला सांगितलं.

"ते काय असतंय?"

सलीमभाई म्हणाले, "आत्ता तुम्ही हॉलमध्ये सतरंजीवर झोपून राहिले. शेजारचा कुशीवर वळला की तुमची झोप मोडती. व्हीपीएस म्हणजे त्याच बिल्डिंगमध्ये तुमचा फ्लॅट. भिंत तुमची, नळ तुमचा, कुलूप तुमचं."

माधवरावांना एकदम पटलं. फक्त जाताना दारातून वळून म्हणाले, "शेजारी तेवढा चांगला बघून द्या."

साइट नव्या जागी गेली त्या आठवड्यात त्यांची जीप ऑफिसखाली थांबली. माधवराव नारळ घेऊन वर आले, मागून ड्रायव्हर केळीचा अख्खा घड घेऊन. फ्लॅट घेतला म्हटल्यावर नारळ फोडायला नको का, असं त्यांचं म्हणणं. नारळ फोडला, कॉम्प्युटरला कुंकू लावलं. मी घडाकडं बघून म्हटलं, "काका, एवढी केळी आम्हा तिघांना कशी संपणार?"

"तुम्हाला दोन फण्या ठेवा," माधवराव म्हणाले. "बाकीची शेजाऱ्यांना वाटा. नवीन राहायला आलोय म्हणून सांगा."

*

सलीमभाईंचे अब्बा नांदेडला घड्याळं दुरुस्त करायचे. मुलाची नोकरी बघायला एकदा ते ऑफिसात आले. खोलीभर नजर फिरवून त्यांनी विचारलं, "मशीन कुठाय?"

"मुंबईत, अब्बा."

"अन् तू?"

"मी इथून दुरुस्त करतो."

अब्बांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. त्यांच्या सगळ्या आयुष्यात घड्याळ उघडल्याशिवाय दुरुस्त झालेलं नव्हतं. मग शांतपणे म्हणाले, "बंबई की मशीन यहां से सुधारता तू. तो नांदेड में घर का पंखा बी यहींच से सुधार दे."

त्या रविवारी सलीमभाई पहिल्या गाडीनं नांदेडला गेले.

*

आमची निम्मी गिऱ्हाइकं क्लासवाली. गल्लीतल्या एका मोठ्या क्लासनं नीटच्या तयारीची शेवटची सराव परीक्षा घेतली आणि निकाल साइटवर टाकला. मराठवाडाभरातले पालक एकाच वेळी साइटवर तुटून पडले. सर्व्हरला गर्दी झेपली नाही की पानावर मोठ्या अक्षरात ५०३ असा आकडा येतो. सेवा तूर्त बंद आहे, एवढाच त्याचा अर्थ. खाली आमचा फोन नंबर होता.

पहिला फोन हिमायतनगरहून आला. "ताई, माझ्या पोरीला पाचशे तीन पडले. सातशेवीसपैकी पाचशे तीन म्हणजे चांगलेच ना? पेढे वाटायला घेतो मग."

मी काही बोलायच्या आत दुसऱ्या लाइनवर दुसरे वडील. त्यांच्या मुलालाही पाचशे तीन. मग तिसरे. एक आजोबा तर म्हणाले, "क्लास लई भारी हाय. समद्यांला सारखं शिकवतेत."

सलीमभाईंनी सर्व्हरची ताकद वाढवली, साइट उघडली, खरे मार्क दिसले. हिमायतनगरच्या त्या मुलीचे चारशेच्याही खाली होते. माझा जीव थोडा थोडा झाला. मीच त्यांना फोन लावला, चूक आमच्या सर्व्हरची होती हे सांगितलं आणि माफी मागितली.

मग ते म्हणाले, "न्हाई ताई, तुमचे उपकारच झाले. पाचशे तीन कळले तवा मी पहिल्यांदा तिला म्हणलं, पोरी तू लई मेहनत केलीस. ती रडली. आता खरे मार्क कळले म्हणून ते शब्द परत कसे घेऊ? मेहनत तर केलीच हाय तिनं."

"आणि पेढे?"

"ते वाटून झाले. आता लोकांच्या तोंडातून काढू का?"

*

बिराजदार सरांचा एक हट्ट आहे. प्रत्येक साइटची एक प्रत मुंबईत आणि एक दुसऱ्या राज्यात ठेवायची. गिऱ्हाईक नको म्हणालं तरी ते ठेवतात.

एकदा पुण्याहून एक कन्सल्टंट आले होते. सुटाबुटातले, बोलायला गोड. हा तुमचा फुकटचा खर्च आहे, म्हणाले. मुंबईतली इमारत पक्की, वीज पक्की, कुलूप पक्कं. सगळं एकाच जागी ठेवलं तर काय बिघडतंय?

सर कधी चढ्या आवाजात बोलत नाहीत. तेव्हाही बोलले नाहीत.

"साहेब, आमच्या गावानं सगळं एकाच जागी ठेवलं होतं."

त्या माणसानं सरांच्या गावाचं नाव विचारलं. सरांनी सांगितलं. किल्लारीच्या भूकंपात जमीनदोस्त झालेलं गाव. कन्सल्टंटनी प्रेझेंटेशन बंद केलं, आणि जाताना स्वतःच्या कंपनीची दुसरी प्रत आमच्याकडं ठेवायला दिली.

*

धर्माबादचे राजन्ना मिरचीचे व्यापारी. बायको गेलेली, मुलं हैदराबादला, हे गोदामाच्या मागच्या खोलीत एकटे. रोज दुकान उघडलं की पहिला फोन आम्हाला. "अम्मा, साइट चालू हाय." बस, एवढंच. आम्हाला ते दिसतंच, हे मी किती वेळा सांगितलं. "हाव, हाव," म्हणायचे आणि दुसऱ्या दिवशी परत फोन.

एक दिवस दुपार झाली तरी फोन नाही. मी सलीमभाईंना म्हटलं, "राजन्नांची साइट बघा बरं." साइट व्यवस्थित चालू होती. मग मला जास्तच काळजी वाटायला लागली. त्यांना फोन लावला, उचलला नाही. साइटवर शेजारच्या दुकानाचाही नंबर होता, तिथं लावला आणि जरा बघून या म्हणून विनवलं.

राजन्ना गोदामात पोत्यांच्या थप्पीमागं पडलेले होते. मांडीचं हाड मोडलं होतं, ओरडून ओरडून आवाज बसला होता. शेजाऱ्यांनी उचलून नांदेडला नेलं, ऑपरेशन झालं.

पुढं काठी टेकत ते मुलाबरोबर ऑफिसात आले. मिरचीची पिशवी टेबलावर ठेवली आणि मुलाला माझ्याकडं बोट दाखवून म्हणाले, "मी हिला म्हणायचो, मी साइट बघून राहिलो. तर ही मला बघून राहिली होती."

*

जाधव गुरुजी सरांच्याच गावचे, रिटायर्ड. भूकंपानंतर गाव नव्या जागी वसलं. तिथं घरं सरळ ओळीत आणि घरांना नंबर. गुरुजींनी नातवाच्या मदतीनं जुन्या गावाचा नकाशा साइटवर उभा केला. गल्लीबोळ, आड, पार, सगळं होतं तसं. घरावर बोट ठेवलं की त्या घरातल्या माणसांची नावं येतात. सर त्या साइटचं भाडं घेत नाहीत.

गावचे लोक नकाशा बघून गुरुजींना चुका सांगायचे आणि सलीमभाई त्या दुरुस्त करायचे. एक दिवस गुरुजींचा फोन आला. "दोन माणसं पाठवून राहिलो. माझ्याच्यानं त्यांचं भांडण मिटत न्हाई."

मन्मथ आप्पा आणि विठ्ठलराव. जुन्या गावातले भिंतीला भिंत लागून राहणारे शेजारी. दोघंही साठीच्या पुढचे. नकाशात दोन घरांच्या मधली अरुंद पट्टी मन्मथ आप्पांच्या घरात दाखवली होती आणि विठ्ठलराव म्हणत होते, ती आमची.

"माझ्या बापानं भिंत बांधली तिथं," आप्पा म्हणाले.

"भिंत तुझी. भितीच्या भाईरची जागा आमची."

"तवा कधी बोलला न्हाईस."

"तवा गरज न्हवती."

आवाज चढत गेले. खालच्या झेरॉक्सवाल्यानं वर येऊन डोकावलं. ज्या घरांचा आता दगडही जागेवर नाही, त्यांच्या हद्दीवरून दोन म्हातारी माणसं हमरीतुमरीवर आली होती. बिराजदार सर खिडकीपाशी पाठमोरे उभे होते. शेवटी सलीमभाईंनी माउसवरचा हात काढला आणि विचारलं, "विठ्ठलकाका, तिथं आता शेत झालंय. एवढ्याशा पट्टीचं तुम्ही करणार काय?"

विठ्ठलराव खुर्चीवर बसले.

"मला काय करायचीय जागा," ते म्हणाले. "माझी माय बसायची तिथं सकाळच्या उन्हाला. ह्याच्या भितीला पाठ लावून. भूकंपात गेली ती. ती जागा ह्याच्या घरात घातली तर ती बसंल कुठं?"

मन्मथ आप्पांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग सलीमभाईंच्या खुर्चीमागं जाऊन उभे राहिले आणि वाकून स्क्रीनवर बोट ठेवलं.

"ही माझी भिंत जरा आत घ्या."

सलीमभाईंनी रेघ आत सरकवली.

"अजून घ्या," आप्पा म्हणाले. "ती पाय लांब करून बसायची."