रजेच्या अर्जातली कुत्री

शिरोलीच्या फौंड्रीत साचे भरणारा तो माणूस भाजलेला हात खिशात घालूनच बोलायचा. त्या हातासाठी त्यानं कधी रजा मागितली नाही, याचा मला संताप यायचा. गेटवर मी युनियनची पत्रकं वाटायचो, कामगारांचे अर्जही लिहून द्यायचो.

एकदा तो आला. त्याच्या पाळलेल्या कुत्रीच्या पोटात काही टिकत नव्हतं, डॉक्टरांनी आतड्याचं ऑपरेशन सांगितलं होतं. त्यासाठी त्यानं भिशी उचलली होती. आता तीन दिवस रजा हवी होती.

"आई आजारी असं लिहितो," मी म्हणालो. "कुत्रीसाठी कोण देतंय रजा?"

"आई ठणठणीत हाय की. कुत्रीच लिवा."

"पगार कापतील."

"कापू द्यात. माझ्याबिगर ती कुणाला हात लावू देत न्हाय."

मालकांच्या खोटेपणावरची पत्रकं माझ्या काखेत होती. मी कुत्रीच लिहिली. सहीसाठी त्यानं खिशातला हात बाहेर काढला.