बोट कोणाच्या नावावर

रायपुरात समुद्र नाही. तरी दोन वर्षांपूर्वी मी चांगले चार महिने समुद्राच्या भानगडीत काढले, तेही पंडरीच्या बाजारात, एका कापडाच्या दुकानावरच्या खोलीत बसून. खाली साड्यांचे गठ्ठे चढत-उतरत आणि वर मी कानाला फोन लावून कोकणातल्या एका कोळीवाड्याला विचारत असे, की तुमच्या किनाऱ्यावर नवा धक्का बांधायचा आहे, तर तुमचं म्हणणं काय? एका कंपनीने हे विचारण्याचं काम घेतलं होतं आणि मराठी लिहिता-बोलता येणारी माणसं आमच्याकडे स्वस्तात मिळतात. मी समुद्र तोवर फक्त कॅलेंडरवर पाहिला होता.

पहिले काही दिवस माझी फजितीच झाली. मी ऑफिसच्या वेळेत, सकाळी अकराला फोन लावायची. तेव्हा तिकडे बायका बाजारात मासळी विकत बसलेल्या असत, फोन घेऊन लगेच ठेवून देत. जी कोणी बोले ती आधी माझी मराठी तपासून घेई. कुठली गं तू? मी छत्तीसगडची म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, तिकडे समुद्र आहे का? नाही, तलाव आहेत, असं मी सांगायची आणि पलीकडे कोणीतरी खुदकन हसायचं.

विचारायच्या प्रश्नांचा फॉर्म मात्र मी स्वतः बनवला होता आणि त्याचा मला फार अभिमान होता. धक्क्याबद्दल गावात सरकारी सुनावणी व्हायची होती आणि तिथे कोण बोलणार त्याची यादी आमच्या फॉर्मवरून बनणार होती. सुनावणीत मच्छीमारांनीच बोलावं, दलालांनी घुसू नये, म्हणून पहिलाच प्रश्न टाकला: बोट तुमच्या नावावर आहे का? नाही म्हटलं की फॉर्म तिथेच बंद. आम्ही रेल्वेवाल्यांची पोरं. आमच्या घरी माणसापेक्षा त्याच्या कागदावर जास्त विश्वास. वडिलांच्या रेल्वे पासवर जे लिहिलेलं असे तेवढंच कुटुंब, बाकी सगळे पाहुणे. मला तो प्रश्न अगदी न्यायाचा वाटला होता.

एका बाईने मात्र फोन ठेवला नाही. आवाज भरड, मागे कोंबड्यांचा गोंधळ. बोट नवऱ्याच्या नावावर आहे म्हणाली. मी नम्रपणे आभार मानले आणि फॉर्म बंद केला. ती बोलतच राहिली. धक्का जिथे यायचा आहे तिथे ती लग्न होऊन आल्यापासून बांबू बांधून बोंबील सुकवते. नकाशात ती रिकामी जागा दाखवली आहे, कारण नकाशावाले आले तेव्हा पावसाळा होता आणि बांबू काढून ठेवलेले होते. ती जागा गेली की वर्षभराची सुकी मासळी गेली, तिची आणि पूर्ण आळीतल्या बायकांची. सुनावणीत तिला एवढंच सांगायचं होतं. मी म्हटलं, यादीत बोटवाल्यांचीच नावं जातात आणि यादीबाहेरच्यांना बोलता येत नाही.

"बोट त्याच्या नावावर हाय," ती म्हणाली, "पन म्हावरं कोनाच्या नावावर हाय, ते इचार की."

मी काहीतरी गुळमुळीत बोलून फोन ठेवला. चिडले होते, खरं सांगायचं तर तिच्यावरच.

संध्याकाळी पुरानी बस्तीत घरी आले, तर आई अंगणात मेथी निवडत होती. बघा, लोकांना नियम म्हणून काही कळत नाही, अशा थाटात मी तिला सगळं सांगितलं. आईने मान वर केली नाही.

"मंग मासोया बोट सुकवते का वं?"

मला इतकी लाज वाटली की मी चहा न पिता आत गेले. फोन केलेल्या सगळ्या बायका डोळ्यांसमोर आल्या. एकेकीला मी आभार मानून बाहेर काढलं होतं.

दुसऱ्या दिवशी भैयाला, म्हणजे आमच्या साहेबाला, सांगितलं की फॉर्म चुकला आहे आणि चूक माझी आहे. तो म्हणाला, बोट नाही तर मच्छीमार कसा? मी म्हटलं, खालच्या दुकानात साडी विणणारा एकही नाही, तरी दुकान कापडाचंच आहे ना. तो हसला, कपाळावर हात मारला आणि म्हणाला, "दीदी, लिस्ट सोमवार को जाएगी. तब तक कर लो."

शनिवार-रविवार मी घरी बसून फोन केले, या वेळी संध्याकाळी, बाजार उठल्यावर. नवा प्रश्न साधा होता: मासळीचं तुम्ही काय काय करता? उत्तरं संपता संपेनात. निवडणं, कापणं, मीठ लावणं, सुकवणं, टोपली घेऊन गावोगाव फिरणं. आई शेजारी बसून चार्जर सांभाळत होती. भरड आवाजाच्या बाईला मी सगळ्यात आधी फोन लावला. तिने माफीबिफी ऐकून घेतली नाही, सरळ बोंबलांवर आली.

सुनावणी झाली त्या संध्याकाळी तिचा फोन आला. ती बोलली होती. धक्क्याचं अजून ठरायचं होतं, पण सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी तिच्यासमोर नकाशावर पेनाने लिहिलं, मासळी सुकवण्याची जागा. बोलायला उभं करताना तिचं नाव पुकारलं होतं, म्हणाली, अमक्याची बायको म्हणून नाही, नुसतं तिचं. ते तिने मला दोनदा सांगितलं.

मी हे आईला सांगितलं. 

"पुरं नाव लिवलं होतं ना तू तिचं?" तिने विचारलं. "तुह्या बाबाच्या पासवर माहं नाव कधी आलंच नाही वं. नुसतं पत्नी लिवलेलं राहे."

मी हव म्हटलं. पुरं लिहिलं होतं.