तिसरा प्लग आणि गोविंदराव

गोविंदराव गेल्याची बातमी त्यांचा धाकटा भाऊ स्वतः घेऊन आला. मी दवाखान्याच्या ओसरीत उकळलेल्या पट्ट्या वाळत घालत होते. धारहून इंदूरपर्यंत टांग्यानं आणि पुढे रेल्वेनं असा तो देवासला आला होता. "अक्का, दादा गेले," तो म्हणाला. "आठवडाभर ताप होता. तुम्हाला पत्रानं कळू नये, म्हणून वहिनींनी मला धाडलं." एवढं बोलून तो पायरीवर बसला. मी त्याला पाणी दिलं आणि राहिलेल्या पट्ट्या वाळत घातल्या... हातांना दुसरं काही सुचेना. त्याला आता सहा आठवडे झाले.

गोविंदराव धारच्या तांबटांच्या घरातले. त्यांचे पूर्वज मराठी फौजेबरोबर माळव्यात आले आणि हंडे-घागरी घडवत तिथेच राहिले. गोविंदरावांचं मन मात्र यंत्रांत रमलं. इथल्या एका सरदारांनी बायकांसाठी दवाखाना काढला, मी तिथे नर्स म्हणून लागले, आणि पुढे त्यांनी आपली जुनी मोटार दवाखान्याला दिली. ती चालवायला हुसेनमियाँ होते, सरदारांच्या घरी बग्गीच्या काळापासून असलेले. दुरुस्तीसाठी आणि हुसेनमियाँ नसतील तेव्हा चालवण्यासाठी गोविंदरावांना ठेवलं. तेव्हा त्यांची तिशी उलटली असेल. बोलणं मोजकं, आणि माझी औषधांची पेटी मांडीवर तान्हं मूल घ्यावं तशी सांभाळून ठेवायचे.

त्या मोटारीची एक खोड होती. इंजिनाला चार नळकांडी, प्रत्येकाच्या डोक्यावर आट्यांनी बसवलेला एकेक प्लग. त्याची ठिणगी पडली की पेट्रोल पेटतं, हे मला गोविंदरावांनीच समजावलं होतं. आमचा तिसरा प्लग दर पाच-सहा मैलांवर सैल व्हायचा. आधी फुसफुस ऐकू यायची, मग मोटार लंगडायला लागायची. हुसेनमियाँ उतरायचे, इंजिन निवेपर्यंत बिडी ओढायचे आणि मग पान्ह्यानं प्लग हलकेच आवळायचे. "भिया, इसको गरम में मत कसना, और ज्यादा जोर मत देना," हे ते गोविंदरावांना दर खेपेला सांगत.

चैत्रातल्या एका दुपारी शिप्रेपलीकडच्या खेड्यातून निरोप आला. गंगा नावाची बाई आदल्या दिवसापासून अडली होती. हुसेनमियाँ भाचीच्या लग्नाला उज्जैनला गेले होते, म्हणून गोविंदराव निघाले. वाटेत प्लग दोनदा सैल झाला. दोन्ही वेळा त्यांनी इंजिन निवू दिलं आणि मी रस्त्याकडे बघत बसले. तिसऱ्यांदा मोटार थांबली तेव्हा मला राहवलं नाही. "गोविंदराव, अजून किती वेळ? तिथे बाई मरेल," मी म्हटलं. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मग पान्ह्याच्या दांड्यावर लोखंडी नळी चढवली आणि तापलेल्या इंजिनावरच सगळा जोर लावला. कर्र आवाज झाला, आणि त्यानंतर प्लग नुसताच गोल फिरायला लागला. आटे गेले होते.

मोटार तिथेच सोडून आम्ही चालत निघालो. पुढे एक बैलगाडी मिळाली. पोचलो तेव्हा उन्हं उतरली होती. गंगा वाचली, मूल वाचलं नाही. गोविंदराव बाहेर चिंचेखाली उभे होते. मी सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, "तासभर आधी पोचलो असतो तर?" नाही हो, काही फरक पडला नसता, असं म्हणणं सोपं होतं. पण माझ्या तोंडून खरं तेच आलं, "सांगता येत नाही."

सरदारांच्या दिवाणजींनी दोन दिवसांत निकाल लावून टाकला. हुसेनमियाँ म्हातारे झाले, नीट आवळत नाहीत, लग्नाला जायच्या घाईत प्लग सैल सोडून गेले; त्यांना काढावं. गोविंदरावांना कुणी काही विचारलंच नाही. मलाही नाही. मी सगळं पाहिलं होतं, घाई मीच केली होती, आणि ते दोन दिवस मी गप्प राहिले... हे लिहायला इतकी वर्षं लागली.

तिसऱ्या दिवशी सकाळी गोविंदराव दिवाणजींकडे निघालेले दिसले. मी विचारलं तर म्हणाले, "आटे मी घालवलेत, ते सांगून येतो." मग मला मागे राहवेना; मीही त्यांच्याबरोबर गेले. दिवाणजी कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "तुला कुणी विचारलं होतं का?"

"नाही. म्हणूनच सांगायला आलो," गोविंदराव म्हणाले. "हुसेनमियाँ बरोबर आवळत होते. मी नळी लावून पान्हा फिरवला."

"आणि घाई मी केली," मी म्हटलं.

दिवाणजींनी माझं बोलणं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. हुसेनमियाँ राहिले, गोविंदरावांची नोकरी गेली. त्यांनी एवढंच मागितलं, की जाण्याआधी मोटार दुरुस्त करू द्यावी.

त्याला आठ दिवस लागले. झिजलेलं भोक मोठं करून त्यांनी त्यात पितळेची नळी बसवली आणि तिला आतून नवे आटे पाडले. पण प्लग मुळात सैल का होतो, ते त्यांना अजून समजलं नव्हतं. एका सकाळी ते प्लगाखालची तांब्याची चकती तळहातावर घेऊन माझ्याकडे आले. "अक्का, आम्ही सगळे वरून आवळत बसलो, हिच्याकडे पाहिलंच नाही. दाबून दाबून ही कडक झालीय. इंजिन तापतं-निवतं, तेव्हा ही धरून राहत नाही." ठोकून कडक झालेलं तांबं लाल करून पाण्यात बुडवलं की मऊ होतं, हे त्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या ठाऊक होतं. त्यांनी नवी चकती कापली, तापवली, विझवली, बसवली, आणि चाक हुसेनमियाँच्या हातात दिलं. आम्ही तिघे शिप्रेपर्यंत जाऊन आलो. मोटार कुठेही थांबली नाही. परत आल्यावर हुसेनमियाँनी प्लगाला हात लावून पाहिला आणि म्हणाले, "बैठ गया, भिया." दुसऱ्या दिवशी गोविंदराव धारला निघून गेले.

तिथे त्यांनी घराच्या पुढच्या खोलीत दुकान थाटलं. महू-इंदूरहून मोटारवाले त्यांच्याकडे येऊ लागले. माळव्यात मोटारी वाढत गेल्या तसं त्यांचं कामही वाढलं. वर्षा-दोन वर्षांनी देवासला आले की टेकडीवर देवीचं दर्शन घेऊन दवाखान्यात डोकावायचे, चहा घ्यायचे, मोटारीचा आवाज ऐकायचे. त्या दिवसाविषयी आम्ही कधी बोललो नाही. एकदाच, जोडे घालता घालता, त्यांनी विचारलं, "ती बाई बरी आहे ना?" गंगेला पुढे दोन मुली झाल्या होत्या, दोघी माझ्याच हातांवर. तसं मी सांगितलं. "दोघी ना? बरं," म्हणाले आणि निघाले.

गेल्या आठवड्यात मी धारला जाऊन आले. त्यांच्या पत्नी, सरस्वतीबाई, पुढच्या खोलीत शेगडीपाशी बसल्या होत्या. मला वाटलं चहा चाललाय. जवळ गेले तर निखाऱ्यांवर तांब्याच्या चकत्या होत्या. "महूच्या माणसाला शब्द दिला होता ह्यांनी," त्या म्हणाल्या. "तुम्हाला ठाऊक नसेल अक्का, शेवटची पाच-सहा वर्षं ह्यांची नजर अधू झाली होती. तांबं किती लाल झालं ते दिसेना. हे कापायचे, मी तापवायची. कुणाला सांगू नको म्हणायचे." चिमट्यानं एक चकती उचलून त्यांनी पाण्यात सोडली. चुर्र झालं. मग ती पुसून बोटांनी किंचित वाकवून पाहिली.

"ही अजून कडक आहे," त्या म्हणाल्या, आणि ती पुन्हा निखाऱ्यांवर ठेवली. ती लाल व्हायची वाट पाहत आम्ही दोघी बसून राहिलो.